मूलपेशी संशोधनावरचे निर्बंध बदलून घ्यायचे आहेत? मराठवाड्यातल्या नागरिकांसाठी सविस्तर वाटचाल

आपल्याकडे मागणी म्हटली की निवेदन तयार होतं. वर 'मा. मुख्यमंत्री, द्वारा मा. जिल्हाधिकारी', खाली वीस-पंचवीस सह्या, कागद हातात देतानाचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. पीकविमा, टँकर, रस्ता अशा प्रश्नांत हा मार्ग चालतो, कारण त्यातलं काही ना काही जिल्ह्याच्या अखत्यारीत असतं. मूलपेशी म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात. त्यांच्या संशोधनाचे नियम मात्र दिल्लीत ठरतात आणि तेही एकाच कार्यालयात नाही. ज्यांच्या घरात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं मूल आहे, टाइप १ मधुमेह आहे, पार्किन्सन आहे किंवा मणक्याला मार बसून अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, त्यांची ताकद चुकीच्या दारात खर्च होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहीत आहे. यातलं बहुतेक काम उदगीर, सेलू किंवा कळमनुरीत बसून करता येतं.

नेमका कोणता नियम बदलायचा?

'मूलपेशी संशोधनावरची बंदी उठवा' अशी मागणी करू नका. भारतात सरसकट बंदी नाहीच, त्यामुळे असं पत्र वाचणारा अधिकारी पहिल्याच ओळीला ते बाजूला ठेवतो. नियम तीन थरांत आहेत आणि प्रत्येक थराचा मालक वेगळा आहे.

पहिला थर मार्गदर्शक तत्त्वांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून २०१७ मध्ये मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात संशोधनाचे तीन गट आहेत: परवानगी असलेलं, निर्बंधित आणि निषिद्ध. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवणं निषिद्ध आहे. मूलपेशी काढण्यासाठीच मुद्दाम भ्रूण तयार करणं निर्बंधित गटात येतं, त्याला राष्ट्रीय शिखर समितीची मान्यता लागते. संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत मूलपेशी संशोधनासाठी वेगळी समिती हवी आणि तिची नोंदणी या शिखर समितीकडे हवी. ही तत्त्वे संसदेने केलेला कायदा नव्हे. ती बदलायला विधेयक लागत नाही, आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने ठरवलं की बदलतात. नागरिकांच्या दृष्टीने सगळ्यात जवळचं दार हेच.

दुसरा थर कायद्याचा. टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांचं नियमन करणारा एआरटी अधिनियम डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने मंजूर केला आणि २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. त्याचं कलम २८ सांगतं की भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतील. मुदत संपल्यावर ते एकतर नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीने या कायद्याखाली नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. कलम ३० म्हणतं की भ्रूणांवरचं संशोधन नियमांनी ठरवून दिलेल्या पद्धतीनेच होईल. म्हणजे कायद्याने दार बंद केलेलं नाही, पण त्या दाराची किल्ली नियमांत आणि नोंदणीत आहे. नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि हा विषय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागाकडे आहे.

तिसरा थर औषधांचा. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन हे 'नवीन औषध' ठरतं. माणसांवर चाचणी करायची तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी घ्यावी लागते.

आता एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा: कोणतं कलम किंवा परिच्छेद, तो कोणाच्या हातात आहे आणि त्याऐवजी काय हवं. हे तीन वाक्यांत मावत नसेल तर मोहीम सुरू करायची वेळ अजून आलेली नाही.

माझ्या मते मराठवाड्यातून लावून धरण्यासारख्या मागण्या चार आहेत. संशोधन संस्थांच्या नोंदणीची पद्धत स्पष्ट आणि उघड असावी, म्हणजे दहा वर्षांनी नष्ट होणारे भ्रूण जोडप्याची इच्छा असेल तर खरोखर संशोधनाला देता येतील. शिखर समितीकडे आलेल्या अर्जावर ठरावीक मुदतीत, कारणांसह निर्णय व्हावा. १४ दिवसांच्या मर्यादेचा जाहीर, सर्व बाजू ऐकून फेरविचार व्हावा. आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये ही मर्यादा आपल्या निषिद्ध यादीतून काढली, तेव्हा भारतात निदान चर्चा तरी मोकळेपणाने झाली पाहिजे. आणि चौथी मागणी छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना या संशोधनात सहभागी होण्यासाठी समिती आणि निधी मिळावा ही. शेवटच्या मागणीत राज्य सरकारचा वाटा मोठा आहे, म्हणून ती आमदारांकडे न्यावी.

त्याच पत्रात दुसरी ओळ: विक्री थांबवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच मोहीम फसते. 'संशोधनाला मोकळीक द्या' हे वाक्य दोन तऱ्हेची माणसं बोलतात. एक प्रयोगशाळेत काम करणारा शास्त्रज्ञ. दुसरा सिद्ध न झालेलं इंजेक्शन लाखो रुपयांना विकणारा. आपल्या भागातल्या कितीतरी आईबापांनी मुलासाठी एकर-दोन एकर शेत विकून मोठ्या शहरात अशी इंजेक्शनं घेतली आहेत. त्यांच्या दुःखावर चालणारा धंदा तुमच्या पत्राच्या आडोशाला उभा राहू देऊ नका.

आजच्या घडीला पक्की मान्यता असलेला मूलपेशी उपचार म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं अस्थिमज्जा किंवा रक्तजनक मूलपेशींचं प्रत्यारोपण. थॅलेसेमियाच्या मुलांना त्याचा खरा फायदा होतो. बाकी बहुतेक आजारांत मूलपेशी वापरायच्या त्या चाचणीतच, हे राष्ट्रीय तत्त्वांचं म्हणणं आहे आणि या निर्बंधाची बाजू आपण उघडपणे घ्यायची. कोणी उपचार सुचवला तर भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत त्या चाचणीचा क्रमांक शोधा. नोंदवही सगळ्यांना खुली आहे. चाचणीत घेण्यासाठी पैसे मागितले, तर तिथून उठून या.

म्हणून प्रत्येक पत्रात दोन ओळी शेजारी शेजारी ठेवा: अमुक संशोधनाला वाट द्या आणि चाचणीबाहेरची विक्री कडकपणे बंद करा. अशा पत्राला विरोध करणं कोणत्याही अधिकाऱ्याला जड जातं आणि धंदेवाल्यांना तुमचं नाव वापरता येत नाही.

अमेरिकेत काय झालं, आणि आपल्याला त्यातलं काय उपयोगी

नागरिकांनी मूलपेशी संशोधनाचे निर्बंध उलटवल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की त्या तारखेआधी तयार झालेल्या भ्रूणजन्य पेशीमालिकांवरच्या (भ्रूणातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या मूलपेशींवरच्या) संशोधनालाच केंद्राचा पैसा मिळेल. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह होता. त्यांनी खासगी निधीवर १७ नव्या पेशीमालिका तयार केल्या आणि २००४ मध्ये त्या इतर शास्त्रज्ञांना खुल्या केल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात रॉबर्ट क्लाइन या गृहस्थांनी, ज्यांच्या मुलाला मधुमेह होता, थेट मतदारांपुढे प्रस्ताव नेला. 'प्रस्ताव ७१' मंजूर झाला आणि राज्याने संशोधनासाठी ३ अब्ज डॉलर कर्जरोख्यांतून उभे करायचं ठरलं. पैसा वाटणाऱ्या मंडळावर रुग्णांच्या प्रतिनिधींना जागा होत्या. विरोधक कोर्टात गेल्यामुळे कर्जरोखे अडकले ते २००७ पर्यंत. इकडे अमेरिकी संसदेने निर्बंध सैल करणारं विधेयक २००६ आणि २००७ मध्ये मंजूर केलं, दोन्ही वेळा अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. मार्च २००९ मध्ये ओबामा यांच्या आदेशाने ते निर्बंध उठले.

आपल्याकडे सार्वमताची सोय नाही, त्यामुळे कॅलिफोर्नियाचा रस्ता जसाच्या तसा उचलता येणार नाही. उचलायच्या त्या दोन गोष्टी. निर्णय घेणाऱ्या मंडळावर रुग्णांचे प्रतिनिधी हवेत ही मागणी आपणही करू शकतो. आणि किती वर्षं लागतात याचा अंदाज: निर्बंध यायला एक भाषण पुरलं, तो जायला साडेसात वर्षं लागली. त्यासाठी झगडणारी बरीच माणसं स्वतः आजारी होती.

फळ दिसायला त्याहून जास्त काळ लागला. २०२५ मध्ये मूलपेशींपासून तयार केलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. या पद्धतीची मुळं मेल्टन यांच्या प्रयोगशाळेत आहेत. त्याच वर्षी भ्रूणजन्य मूलपेशींतून बनवलेल्या मेंदूपेशी पार्किन्सनच्या १२ रुग्णांत बसवल्याची सुरक्षिततेची प्राथमिक चाचणीही प्रसिद्ध झाली. सभेत ही उदाहरणं सांगताना रुग्णांची संख्या लहान आहे, हे त्याच वाक्यात सांगा. 'लवकरच बरं होणार' असं चुकूनही म्हणू नका.

माहिती अधिकार: पहिला खरा वार

मागणी करण्याआधी सरकारच्या कागदावर काय आहे ते काढा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज त्या भागाच्या राजभाषेतही करता येतो, म्हणजे मराठीत चालतो. केंद्राकडचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. ऑनलाइन पोर्टल आहे. ते जमत नसेल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून स्पीड पोस्टाने पाठवा. ठरावीक टपाल कार्यालयंही केंद्र सरकारचे अर्ज स्वीकारतात, तालुक्याच्या पोस्टात चौकशी करा. अर्ज ५०० शब्दांच्या आत बसवा.

'का' विचारू नका. 'मर्यादा १४ दिवसांचीच का' याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा, तारखा मागा. मसुदा असा धरा:

'१) एआरटी अधिनियम २०२१ खाली आजपर्यंत नोंदणी झालेल्या संशोधन संस्थांची यादी. २) कलम ३० नुसार भ्रूण संशोधनाची पद्धत ठरवणाऱ्या नियमाची किंवा अधिसूचनेची प्रत. ३) मूलपेशी संशोधनाच्या राष्ट्रीय शिखर समितीच्या मागील तीन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते. ४) निर्बंधित गटातील संशोधनासाठी आलेले अर्ज, प्रत्येक अर्ज मिळाल्याची तारीख, निर्णयाची तारीख व निर्णय. ५) छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील, शिखर समितीकडे नोंदणी असलेल्या संस्थात्मक समित्यांची यादी.'

पहिले दोन प्रश्न आरोग्य संशोधन विभागाला, उरलेले तीन आयसीएमआरला, वेगवेगळ्या अर्जांत. कार्यालय चुकलं तरी कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही निकाल पटला नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. यादी कोरी आली तरी ते उत्तर मोलाचं आहे. 'नोंदणीकृत संस्था: शून्य' असा शिक्क्याचा कागद हातात असेल तर खासदारांपुढे वेगळं काही समजवावं लागत नाही.

माणसं जोडताना

थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवायला घेऊन येणारे पालक महिन्यातून एकदा-दोनदा रक्तपेढीत भेटतातच, सुरुवात तिथून करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि पार्किन्सन हे सगळे आहेत. त्यामुळे जिल्ह्यातल्या दिव्यांग संघटना तुमच्या हक्काच्या सोबती आहेत. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना आणि विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातल्या कोणाला तरी मसुदा वाचायला द्या. शासकीय नोकरीतल्या डॉक्टरांना सहीसाठी गळ घालू नका, त्यांना ते अडचणीचं असतं. चुका दाखवून दिल्या तरी पुष्कळ.

विरोध होईल, आणि तो करणारी माणसं वाईट नसतात. भ्रूणात जीव आहे असं मनापासून मानणारे वारकरी, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन कुटुंबं तुमच्याच गल्लीत आहेत. त्यांच्याकडे बसा, आधी ऐका. मग कलम २८ दाखवा: हे भ्रूण दहा वर्षांनी तसेही नष्ट व्हायचे आहेत, आणि निर्णय त्या जोडप्याचाच राहणार आहे. काहींना ते पटेल, काहींना नाही पटणार. दुसरा आक्षेप अभ्यासू माणसाकडून येतो: त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीपासून भ्रूणजन्य पेशींसारख्या पेशी बनवता येतात, शिन्या यामानाका यांना त्यासाठी २०१२ चं नोबेल मिळालं, मग भ्रूण कशाला? उत्तर असं की त्या पेशी खरंच तशा वागतात का, हे ताडायला भ्रूणजन्य पेशी लागतात. आणि गर्भधारणेच्या पहिल्या काही दिवसांत काय बिघडतं, हे फक्त भ्रूणातच कळतं.

तिसरा मुद्दा कोणी काढो न काढो, आपण स्वतःहून काढायचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण एवढं वाढलं की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या भागात गरीब बाईच्या शरीराचा असा हिशेब झाला, तिथे 'संशोधनासाठी स्त्रीबीज हवं' ही मागणी कोणाच्या दारात जाऊन थांबेल हे वेगळं सांगायला नको. एआरटी कायद्याने स्त्रीबीज देणारीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सात बीजं असं बंधन घातलं आहे. ते बंधन जराही सैल व्हावं असं आपल्या पत्रात चुकूनही येऊ देऊ नका. उपचारातून उरलेले, जोडप्याने स्वखुशीने दिलेले भ्रूण, एवढीच आपली मागणी. हे मसुद्यात ठळक लिहा आणि बैठकीत बायकांना पहिल्यांदा बोलू द्या.

खासदार आणि संसद

मराठवाड्यातून लोकसभेत आठ खासदार जातात. आठही जणांना भेटायचा हट्ट नको, पक्ष वेगवेगळे असलेले दोन पकडा. मतदारसंघातल्या कार्यालयात त्यांच्या स्वीय सहायकाला आधी एक पान द्या, आणि त्या पानावर तयार प्रश्न लिहून द्या. 'आमचा विषय संसदेत मांडा' म्हटलं की काही होत नाही. 'एआरटी अधिनियमाखाली किती संशोधन संस्था नोंदल्या गेल्या, नसल्यास कारणे काय, आणि शिखर समितीकडे किती अर्ज किती काळ प्रलंबित आहेत' असा प्रश्न टाइप करून दिला की तो दाखल होतो. किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच जा. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नाचा नंबर लागणं नशिबाचं असतं. अतारांकित प्रश्नाचं लेखी उत्तरही तितकंच अधिकृत आणि तुमच्या फाइलसाठी जास्त सोयीचं. खासगी विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायच्या विधेयकाचा आग्रह धरू नका: दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं शेवटचं खासगी विधेयक १९७० चं आहे.

याचिका हा कमी वापरला जाणारा मार्ग आहे. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे याचिका समित्या आहेत. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत लागते; मराठीत केली तर सोबत भाषांतर जोडून त्यावरही सही करावी लागते. भाषा संयत हवी, विषय कोर्टात चालू नसावा. आरोग्याची संसदीय स्थायी समिती राज्यसभेच्या अखत्यारीत आहे. एखादा विषय तपासायला घेतला की ती जाहिरात देऊन लोकांकडून म्हणणं मागवते, त्या जाहिरातींवर डोळा ठेवा.

ग्रामसभेचा ठराव घ्यायचा असेल तर घ्या, लोकांना विषय कळतो. मात्र त्याने नियम बदलत नाही.

कोर्टाबद्दल थोडक्यात. औरंगाबाद खंडपीठ १९८१ पासून आपल्या दारात आहे, त्यामुळे जनहित याचिकेचा मोह लवकर होतो. भ्रूण किती दिवस वाढवावं हे ठरवायला न्यायालय सहसा तयार होणार नाही, तो धोरणाचा प्रश्न आहे. कायद्याने करायला सांगितलेलं काम सरकारने केलंच नाही, असं माहिती अधिकाराच्या कागदांवरून दाखवता आलं तरच वकिलांकडे जा. एकदा कोर्टात गेलात की संसदेची याचिका समिती त्या विषयाला हात लावणार नाही, हेही हिशेबात धरा.

मसुदा जाहीर झाला की

केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. आयसीएमआरही मार्गदर्शक तत्त्वांवर हरकती-सूचना मागवते. हे ३० दिवस म्हणजे सगळ्या मोहिमेचा सुगीचा काळ, त्यासाठी आधीपासून तयार राहा. दोन-तीन जणांनी आळीपाळीने दर सोमवारी आरोग्य संशोधन विभाग, आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची संकेतस्थळं उघडून पाहायची, एवढी व्यवस्था पुरते. सूचना परिच्छेदवार द्या: डावीकडे मसुद्यातलं वाक्य, मध्ये आपण सुचवलेलं वाक्य, उजवीकडे कारण. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो एकच मोजला जाण्याची भीती असते. त्यापेक्षा दहा कुटुंबांनी आपापल्या आजाराबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहावं, इंग्रजी सारांश एखाद्या शिक्षकाकडून करून घ्यावा. मुलाचं नाव, शाळा, फोटो देऊ नका. आजार आणि तालुका पुरतो.

प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा आणि सगळं एका फाइलमध्ये तारखेने लावा. उत्तर बहुधा 'आपली सूचना विचाराधीन आहे' असंच येईल. ते आलं की त्याच आठवड्यात १० रुपयांचा पुढचा अर्ज टाका: सूचना कोणत्या फाइल क्रमांकावर आहे, कोणत्या समितीपुढे कोणत्या तारखेला ठेवली, आणि त्या फाइलवरील टिपणीची प्रत द्यावी.